परीक्षा नेमकी कोणाची? हंटर आयोगापासून बीबीच्या शाळेपर्यंत

१/
१९ ऑक्टोबर १८८२. हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी पुण्याहून आपले निवेदन सादर केले. रयतेच्या करातून वरिष्ठ वर्गांचे उच्चशिक्षण पोसले जाते आणि खेड्यातील प्राथमिक शाळा उपेक्षित राहते, हा त्यातील आरोप सर्वपरिचित आहे. त्याच निवेदनातील एका लहानशा मागणीकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ती शाळा तपासण्याच्या पद्धतीविषयी होती.

२/
डेप्युटी इन्स्पेक्टराने वर्षातून एकदा शाळेला भेट देऊन फारसे काही साधत नाही, असे फुल्यांचे म्हणणे होते. शाळा निदान दर तीन महिन्यांनी तपासली जावी आणि काही भेटी तरी आगाऊ सूचना न देता व्हाव्यात, असे त्यांनी सुचवले. गावच्या व जिल्ह्याच्या अंमलदारांवर ही तपासणी सोपवून उपयोग नाही, असेही ते म्हणाले. त्यांच्यामागे इतकी कामे असतात की शाळेत जायला त्यांना सवड होत नाही, आणि गेलेच तर परीक्षा वरवरची होते.

३/
‘सूचना न देता’ या तीन शब्दांमागे मोठा अनुभव आहे. तपासणीची तारीख आधी कळली की शाळा त्या दिवसापुरती तयार होते. भिंती सारवल्या जातात, हुशार मुले पुढच्या रांगेत बसतात, ठरलेला धडा घोटून घेतला जातो. साहेबांना त्या दिवशीची शाळा दिसते. उरलेल्या दिवसांची शाळा कशी असते, हे कागदावर येत नाही.

४/
सार्वजनिक शाळेतील मूल किती शिकले, हे ठरवण्याचा इतिहास या धाग्यात आहे. त्याचे एक टोक पुण्यातील त्या निवेदनात आहे आणि दुसरे बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत. मधल्या काळात राज्यकर्ते बदलले, कायदे बदलले, परीक्षांची नावेही बदलली. प्रत्येक वेळी एकच पेच नव्याने उभा राहिला: ही परीक्षा मुलाची, मास्तरांची की सरकारची?

५/
सुरुवात इंग्रजी अमलापूर्वीपासून करायला हवी. पंतोजींच्या शाळेत वार्षिक परीक्षा नव्हती, इयत्ताही नव्हत्या. मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी, मग मोडी वळणाकडे आणि हिशेबाकडे जाई. पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी यांचा परवचा रोज मोठ्याने होई. कोणाचे कुठे अडते, हे त्याच क्षणी सगळ्यांना ऐकू येई. मोजमाप रोजचे, तोंडी आणि उघड होते.

६/
या पद्धतीचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. पाठांतर चोख असे, पण अर्थ कळला की नाही हे कोणी विचारत नसे. छडी हे नित्याचे साधन होते. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले या शाळांच्या बाहेरच होती. जे मूल उंबरठ्याच्या आत येऊच शकत नाही, त्याचे मोजमाप कोणतीही पद्धत करीत नाही. परीक्षांच्या इतिहासातील हा पहिला आणि सर्वांत मोठा गाळलेला रकाना होय.

७/
तो रकाना भरण्याचे काम जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी केले. त्यांच्या पुण्यातील शाळांची फेब्रुवारी १८५२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १८५३ मध्ये जाहीर परीक्षा झाली, आणि ती पाहायला मोठा समुदाय लोटला. मुलींना विद्या येते का, अशी शंका ज्या समाजाला होती, त्या समाजासमोर मुली वाचत आणि उत्तरे देत होत्या. वरकरणी परीक्षा मुलींची होती. खोटी ठरली ती बघ्यांची समजूत.

८/
१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षण खाती उभी राहिली. संचालक, इन्स्पेक्टर, डेप्युटी इन्स्पेक्टर अशी उतरंड तयार झाली. खेड्यापाड्यांत या शेवटच्या अधिकाऱ्याला लोक ‘दिपोटी’ म्हणत. त्याच्या ताब्यात बऱ्याच शाळा, प्रवासाची साधने तुटपुंजी. वाचन, लेखन, हिशेब यांची परीक्षा घेऊन तो पास-नापासाचा आकडा लिही आणि पुढच्या गावी जाई. मास्तरांचे वर्षभराचे काम त्या एका दिवसावर तोलले जाई.

९/
त्याच काळात इंग्लंडमध्ये एक नवा प्रयोग सुरू झाला होता. रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये ‘सुधारित संहिता’ लागू झाली. शाळेला दर मुलामागे मिळणाऱ्या अनुदानातील ४ शिलिंग हजेरीवर आणि ८ शिलिंग परीक्षेवर अवलंबून होते. वाचन, लेखन, गणित यांपैकी एका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. ‘निकालाप्रमाणे पैसे’ या तत्त्वाचा हा सर्वांत स्वच्छ नमुना.

१०/
परिणाम लवकरच दिसू लागले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे पेशाने शाळा-निरीक्षक होते. या पद्धतीने शिकवणे यांत्रिक होत चालले आहे, असे त्यांनी आपल्या अहवालांत परोपरीने मांडले. मुले वाचनाचे ठरलेले पुस्तकच पाठ करू लागली, कारण परीक्षा त्यातूनच होई. जे मोजले जात नव्हते ते शिकवलेही जाईना. शतक संपण्यापूर्वी इंग्लंडने हा प्रयोग गुंडाळला.

११/
तोवर तो हिंदुस्थानात येऊन रुजला होता. मुंबई इलाख्यात अनुदानित शाळांना निकालावर पैसे देण्याची रीत १८६० च्या दशकातच सुरू झाली. प्राथमिक शाळांची मदत मोठ्या अंशी परीक्षेच्या निकालावर ठरावी, अशी शिफारस हंटर आयोगानेही केली. मात्र मागास प्रदेशांतील शाळांना वेगळे नियम लावता येतील, असा अपवाद तिथेच जोडला. सर्वांना एकच गज लावला की मागासलेला भाग आणखी मागे पडेल, हे आयोगाला दिसत होते.

१२/
इथे फुल्यांच्या निवेदनातील दुसरी सूचना पाहणे न्याय्य ठरेल. जे ग्रामीण शिक्षक जास्त मुले पास करतील, त्यांना पगाराखेरीज विशेष भत्ता मिळावा, असे त्यांनी म्हटले होते. म्हणजे निकालाला बक्षीस जोडण्यास त्यांचाही विरोध नव्हता. पण त्यांच्या मांडणीत बक्षिसासोबत वारंवार तपासणी होती, अवचित भेट होती आणि शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये पगाराची मागणीही होती. पुढच्या व्यवस्थांनी निकाल मागणे चालू ठेवले. बाकीच्या अटींकडे तितके लक्ष दिले नाही.

१३/
या साऱ्या काळात बीबीचा मुलूख मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला आणि ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली तो चालला. वऱ्हाडाचे स्वतंत्र शिक्षण खाते १८६६ मध्ये सुरू झाले. १९०३ पासून वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. मेहकर-लोणारचा हा टापू पुण्यापासून दूर आणि नागपूरपासूनही दूर; इथल्या शाळेत साहेब पोचणे हीच एक घटना असे.

१४/
१९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने शैक्षणिक धोरणाचा ठराव प्रसिद्ध केला. परीक्षांनी शिक्षणावर अतिरेकी वर्चस्व मिळवले आहे, अशी कबुली त्यात होती, आणि निकालावर आधारलेल्या अनुदानाची रीत मोडीत काढण्याचा निर्णयही. पैशाचा थेट धागा तुटला. परीक्षेचे वजन मात्र कमी झाले नाही. ते आता नोकरीच्या रूपाने मुलाच्या खांद्यावर आले.

१५/
मुंबई इलाख्यातील सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ हे त्याचे ठळक उदाहरण. ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला गावात मास्तर होण्याची वाट मोकळी होई. ‘फायनल पास’ हा शब्दप्रयोग जुन्या पिढीने पदवीच्या थाटात वापरला, तो उगीच नव्हे. पण ही चाळणी होती. चाळणीच्या वर काय राहिले ते सर्वांना माहीत असते. खाली पडलेल्याला किती आले होते आणि कुठे अडले होते, याची नोंद कोणी ठेवत नाही.

१६/
या विचाराला वेगळी दिशा मिळाली ती विदर्भाच्याच भूमीत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समिती नेमली गेली. समितीच्या अहवालात परीक्षापद्धतीवर कठोर टीका आहे. तिचा पर्याय आजही थक्क करतो: प्रत्येक मुलाला गुण देत बसण्याऐवजी निरीक्षकांनी एखाद्या प्रदेशातील निवडक मुलांच्या गटांची नमुना-चाचणी घ्यावी आणि त्यावरून त्या भागातील शाळांच्या कामाचा अंदाज बांधावा.

१७/
या सूचनेचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. समितीने दोन प्रश्न वेगळे केले होते. ‘या मुलाला काय येते?’ हा शिक्षकाचा प्रश्न. त्याचे उत्तर रोजच्या कामातून मिळते. ‘या भागातील शाळा नीट चालल्या आहेत का?’ हा शासनाचा प्रश्न. त्यासाठी नमुना पुरतो. दोन्ही प्रश्न एकाच प्रश्नपत्रिकेवर लादले की मूल आणि मास्तर दोघेही धास्तावतात आणि दोन्ही उत्तरे बिघडतात.

१८/
स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत-वऱ्हाडात स्थानिक कारभारासाठी जनपद सभा आल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. गावची शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि पुढे केंद्रप्रमुख अशी नवी उतरंड आली. ‘दिपोटी’ गेला, पण त्याची वार्षिक भेट वेगळ्या नावाने राहिली.

१९/
या काळातील शाळेची प्रतिष्ठा एका परीक्षेने ठरवली: शिष्यवृत्ती. चौथी आणि सातवीची ही स्पर्धा पुढे काही वर्षे पाचवी-आठवीकडे सरकली. तिने खेड्यातील असंख्य हुशार मुलांना आत्मविश्वास दिला, हे निर्विवाद. शाळांच्या भिंतींवर शिष्यवृत्तीधारकांची नावे रंगवली गेली. पण ती परीक्षा मुळातच निवडक मुलांसाठी होती. जादा तास त्यांचे, सराव त्यांचा. मागच्या बाकावरील मुलाला जोडाक्षर येते का, हे त्या फलकावरून कळण्याचा मार्ग नव्हता.

२०/
१९९० च्या सुमारास दवे समितीने ‘किमान अध्ययन क्षमता’ ही कल्पना मांडली. प्रत्येक इयत्तेच्या प्रत्येक मुलाला निदान काय यायला हवे, याची यादी झाली. मग २००५ मध्ये ‘असर’ हे सर्वेक्षण आले. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या पुढाकाराने स्वयंसेवक गावात घरोघरी जाऊ लागले. मुलाच्या हाती एक कागद: अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचते, एवढेच पाहायचे.

२१/
ग्रामीण भारतातील पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही, हा ‘असर’चा निष्कर्ष वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा समोर आला. पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, आणि काही विचारात घेण्याजोगेही होते. पण तिची एक गोष्ट फुल्यांच्या मागणीशी जुळणारी होती. चाचणी शाळेच्या तयारीत होत नव्हती. ती मुलाच्या अंगणात, घरच्यांच्या देखत होत होती. बाक लावून ठेवायला तिथे कोणालाच वाव नव्हता.

२२/
१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत नापास करणे थांबले आणि ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आले. महाराष्ट्राच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक आणि संकलित असे दोन भाग केले. पहिली-दुसरीत आकारिक ७० व संकलित ३०; सातवी-आठवीत ४० व ६०. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने ठरली. परवच्यातील रोजचा, उघड अदमास अर्थासह परत येण्याची ही संधी होती.

२३/
ही योजना अडखळली ती वहीत. प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या होत्या. एकाच शिक्षकाकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग, शिवाय पोषण आहाराचा हिशेब, मतदार यादी, निरनिराळे अहवाल. अशा वेळी तयार नोंदींचे संच हातोहात फिरू लागले. ‘आवडीने वाचन करतो’, ‘गटकार्यात सहभागी होतो’ ही वाक्ये अनेक मुलांच्या नावापुढे सारखीच उमटली. अंमलदारांना कामांतून सवड नसते, हे फुल्यांनी अधिकाऱ्यांविषयी लिहिले होते. आता तेच शिक्षकालाही लागू झाले.

२४/
२२ जून २०१५ च्या निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. वर्षाच्या आरंभी पायाभूत चाचणी, मग संकलित चाचण्या, गुण ‘सरल’ प्रणालीवर. हेतू शुद्ध होता: मूल आधी कुठे होते आणि आता कुठे आहे, ते पाहायचे. २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांच्या रूपाने हेच सूत्र पुन्हा आले. अशा चाचणीचा उपयोग पूर्णपणे तिच्या खरेपणावर अवलंबून असतो. शाळेला ‘प्रगत’ ठरवण्यासाठी आकडा वापरला जाणार, हे कळले की शिक्षकाला स्वतःच्याच वर्गाचे खरे चित्र लिहिण्याचा धीर लागतो.

२५/
दुसरीकडे वर्ध्याची कल्पना राष्ट्रीय पातळीवर साकार झाली. १३ नोव्हेंबर २०१७, १२ नोव्हेंबर २०२१ आणि ४ डिसेंबर २०२४ या तीन दिवशी देशभर नमुना-सर्वेक्षणे झाली. शेवटचे ‘परख’ या नावाने ओळखले जाते. त्यात तिसरी, सहावी आणि नववीचे विद्यार्थी होते. अहवाल जिल्हावार येतो. बुलढाणा जिल्हा गणितात कुठे आहे, हे आता सांगता येते. बीबीतील एखाद्या मुलाचे हातच्याची वजाबाकी करताना काय चुकते, हे तो अहवाल सांगत नाही, आणि ते त्याचे कामही नाही.

२६/
मग चक्र पुन्हा फिरले. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षा. तीतही अपयश आले तर तोच वर्ग. ‘ढकलगाडी’ थांबली, असे अनेकांना वाटले. पालकांची ही अस्वस्थता खरी आहे: आठवीतील मुलाला वाचता येत नसेल, तर ते इतकी वर्षे कोणाच्याच का लक्षात आले नाही?

२७/
हा प्रश्न एका मुलापुरता करून पाहू. बीबी हे सिंदखेडराजा आणि मेहकर यांच्या मधले गाव. समजा, तिथल्या शाळेत चौथीत एक मुलगी आहे. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती सोबत जाते. पायाभूत चाचणीत तिचे नाव आहे, पुढच्या चाचणीत ती गैरहजर आहे. नमुन्यात तिची शाळा आलेली नाही. शिष्यवृत्तीला ती बसलेली नाही. तिला नापास करता येत नाही, म्हणून ती पाचवीत जाते आणि तिथे पहिल्यांदा तिची परीक्षा ‘खरी’ होते.

२८/
त्या परीक्षेत ती अडली तर नापासाचा शिक्का तिच्यावर बसेल. चार वर्षे ज्या ज्या चाचण्यांनी तिला पाहिले नाही, त्यांपैकी एकीवरही नाही. परीक्षेचे ओझे १८६२ मध्ये शाळेच्या तिजोरीवर होते, १८८२ मध्ये मास्तरांच्या पगारावर. फिरत फिरत ते पुन्हा दहा-अकरा वर्षांच्या मुलीपाशी आले आहे. हंटर आयोगाने मागास प्रदेशांसाठी ठेवलेला अपवाद तिच्यासाठी कोणत्याच रकान्यात नाही.

२९/
उपाय इतिहासात विखुरलेले पडले आहेत. परवच्याने दाखवले की रोजचा अदमास सर्वांत खरा. वर्धा समितीने सांगितले की शासनाने आपली परीक्षा वेगळी घ्यावी आणि तिचे भय मुलावर टाकू नये. ‘असर’ने सिद्ध केले की वाचन तपासायला एक कागद आणि मुलाशेजारी बसण्याइतका वेळ पुरतो. हा वेळ शिक्षकाला मिळतो का, यावर बाकी सगळे उभे आहे. पोषण आहाराच्या हिशेबातून आणि अहवालांतून सुटलेला शिक्षकाचा प्रत्येक तास हा मूल्यमापनावरचाच खर्च आहे.

३०/
१८८२ च्या त्या निवेदनाकडे शेवटी पुन्हा वळावे लागते. वर्षातून एकदा, कळवून येणाऱ्या साहेबावर फुल्यांचा विश्वास नव्हता. वारंवार आणि अवचित येणाऱ्यावर होता. कारण तो शाळेतील कुठलाही साधा दिवस पाहू शकला असता: कोण आले आहे, कोण आले नाही, आणि आलेल्यांपैकी कोणाला समोरचे पान वाचता येते. ऊसतोडीहून चैत्रात परतलेली ती मुलगी शाळेत येईल, त्या दिवशी तिच्या हाती पुस्तक देऊन शेजारी बसणारे कोणी असेल का? परीक्षा तिथून सुरू होते, आणि ती तिची नसते.

(समाप्त)